येईल का वो डाटा?

ऐंशीच्या दशकातल्या हार्ड डिस्कच्या झाकणावर एक कागदी पट्टी चिकटवलेली असायची. तिच्यावर आकड्यांच्या जोड्या: सिलिंडर अमुक, हेड तमुक. (तबकडीवरचं एक वर्तुळ म्हणजे ट्रॅक, त्याचा तुकडा म्हणजे सेक्टर, एकाखाली एक येणारे ट्रॅक मिळून सिलिंडर, आणि वाचणारं-लिहिणारं टोक म्हणजे हेड.) तबकडीचा कुठला भाग कारखान्यातून निघतानाच खराब आहे, त्याची ती यादी. सीगेटची एसटी-२२५ म्हणजे वीस एमबीची डिस्क, ६१५ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर. आणि त्यातले काही ट्रॅक नवीकोरी असतानाच बाद. लो-लेव्हल फॉरमॅट करताना, म्हणजे कोऱ्या डिस्कवर ट्रॅक आणि सेक्टर आखताना, ही यादी बघून एकेक जोडी हाताने टाइप करायची. कंटाळा करून यादी टाळली तरी त्या दिवशी मशीन व्यवस्थित चालायचं. पुढे कधीतरी नेमक्या त्या ट्रॅकवर एखाद्या खातेदाराचं लेजर जाऊन बसायचं आणि मग स्क्रीनवर ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’.

स्टोरेज इंजिनियरचं खरं शिक्षण त्या पट्टीपासून सुरू व्हायचं असं मला वाटतं. माध्यम खराब असणारच, हे धरूनच कामाला लागायचं. क्षमता वीस एमबीवरून वीस टीबीवर गेली, म्हणजे दहा लाख पट झाली, तरी या कामातला प्रश्न तोच राहिला. लिहिलेलं परत वाचता येईल का? सांगलीत हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो तेच शब्द वर मथळ्यात आहेत.

सांगलीत ज्यांनी त्या काळात हे काम धरलं, त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली होती. अर्बन बँका, पतसंस्था, साखर कारखान्यांची ऊस बिलं, मार्केट यार्डातले हळद आणि बेदाण्याचे अडते, मिरजेची हॉस्पिटलं. ‘स्टोरेज इंजिनियर’ असं कुणी म्हणत नसे. ‘कॉम्प्युटरवाले’ एवढीच ओळख. प्रिंटरच्या रिबनपासून अर्थिंगपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात, आणि त्या सगळ्यात डिस्क हे सर्वात जोखमीचं काम. प्रिंटर बिघडला तर नवा आणता येतो. ऊस बिलाचा हंगाम नवा आणता येत नाही.

त्या डिस्कचं काम कसं चालायचं ते जरा सांगतो, कारण पुढची सवय त्यातून घडली. दोन केबल असायच्या, ३४ पिनांची कंट्रोलची आणि २० पिनांची डेटाची. डॉसमध्ये ‘डीबग’ चालवून कंट्रोलरच्या रॉममधल्या ‘सी८००:५’ या पत्त्यावर उडी मारली की फॉरमॅटचा मेन्यू यायचा. तिथे इंटरलीव्ह विचारायचा. एक्सटी, म्हणजे त्या काळच्या पीसीला, ३ द्यायचा. कंट्रोलर एक सेक्टर वाचून तो पचवेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असतो. मग तो परत येईपर्यंत एक अख्खी फेरी थांबावं लागतं. मिनिटाला ३६०० फेरे, म्हणजे दर चुकीमागे सतरा मिलिसेकंद वाया. म्हणून लागोपाठचे सेक्टर मध्ये जागा सोडून मांडायचे. एवढा एक आकडा बरोबर दिला की दुपारभर चालणारा रिपोर्ट तासाभरात निघायचा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या डिस्कचं हेड स्टेपर मोटरवर पुढे-मागे व्हायचं. मोटर ठरलेली पावलं टाकते. ट्रॅक खरोखर तिथे आहे का, हे ती बघत नाही. धातू तापून किंचित प्रसरण पावला की सकाळी गार असताना लिहिलेला ट्रॅक दुपारी हेडच्या बरोबर खाली येत नाही. सांगलीचा एप्रिल-मे लक्षात घ्या. त्यामुळे जाणता माणूस मशीन अर्धा तास चालू ठेवून, डिस्क गरम झाल्यावरच फॉरमॅट करायचा, आणि कॅबिनेटमध्ये ती आडवी बसणार की उभी, त्याच स्थितीत ठेवून करायचा. मशीन हलवायचं असेल तर आधी ‘पार्क’ कमांड. एसटी-२२५ आपणहून हेड बाजूला नेत नसे. पार्क न करता तासगाव रस्त्याने जीपमधून नेली की हेड डेटावरच आपटत जायचं.

पुढची पंधरा-वीस वर्षं मर्यादांशी झुंजण्यात गेली. डॉस ३.३ला एका पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका विभागात, ३२ एमबीच दिसायचे. बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) आणि आयडीई (डिस्क जोडायची पद्धत) यांच्या मर्यादा मिळून १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर याच्यापलीकडे मोजता येत नव्हतं, म्हणून ५०४ एमबीची भिंत. मग ८.४ जीबी, मग १३७, मग जुन्या पार्टिशन टेबलची २ टीबी. यातली १३७ची सर्वात घातक. बाकीच्या भिंतींपाशी बहुतेक वेळा डिस्क नुसती लहान दिसायची. इथे २८ बिटांचा पत्ता भरला की आकडा पुन्हा शून्यावर यायचा, आणि शेवटी लिहायला गेलेला डेटा डिस्कच्या सुरुवातीला, फाईलींच्या याद्यांवर जाऊन बसायचा. डिस्क धडधाकट असायची आणि आतलं सगळं गेलेलं असायचं.

बॅकअपचा इतिहास मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी फ्लॉप्या. संध्याकाळी डे-एंड झाला की एकामागून एक फ्लॉपी घालत बसायचं, आणि रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत चढवायची, वेळ आली की मधलीच एखादी वाचत नाही. जुन्या डॉसच्या बॅकअपमध्ये एक फ्लॉपी गेली की पुढच्या चांगल्या असूनही उपयोग व्हायचा नाही. नंतर टेप आली, चार मिलिमीटरची डॅट. टेपमध्ये एक छुपा धोका होता. तिरकं फिरणारं हेड किंचित जागेवरून सरकलं तर ड्राइव्ह स्वतः लिहिलेली टेप स्वतः बिनतक्रार वाचतो. व्हेरिफाय केलं की ‘ओके’ येतं. तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की कोरी. म्हणजे ड्राइव्ह जिवंत असेपर्यंतच बॅकअप जिवंत, आणि बॅकअप लागतो तो ड्राइव्हसकट सगळं गेल्यावर.

सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस खाली. व्यापाऱ्याकडे पावती असायची, पण माल कसा आहे हे पेव उघडल्यावरच कळायचं. टेपवरचं ‘ओके’ ही तशी पावती आहे. २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली, तेव्हा पावत्या शाबूतच होत्या.

म्हणून रिस्टोअरची चाचणी दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायची. नुसती एखादी फाईल उघडून बघणं पुरेसं नाही. पतसंस्थेचं उदाहरण घ्या: तीन महिन्यांपूर्वीची एक तारीख निवडायची, त्या दिवसाचा बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवायचा, सॉफ्टवेअर सुरू करून त्या तारखेचा ट्रायल बॅलन्स काढायचा आणि त्या दिवशी छापून सही केलेल्या कागदाशी शेवटच्या पैशापर्यंत जुळवायचा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवायचं. ‘बॅकअप आहे’ म्हणणाऱ्यांतले बहुतेक जण इथे अडकतात: डेटाबेस चालू असताना फाईल कॉपी केलेली असते, किंवा लायसन्सचं डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली, एकच असतं, किंवा पासवर्ड जुन्या मॅनेजरलाच ठाऊक.

रेड (RAID), म्हणजे अनेक डिस्का मिळून एक संच करायची पद्धत, आली तेव्हा अनेकांना वाटलं, सुटलो. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तो प्रसिद्ध निबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्कांचा संच करा आणि जादा माहिती ठेवून एखादी गेली तरी भागवा, असं त्याचं म्हणणं. हिशोब साधा आहे. तीन डिस्कांवर १, ०, १ असे बिट असतील तर त्यांची पॅरिटी ०, कारण त्यांत १ची संख्या सम आहे; विषम असती तर १. दुसरी डिस्क गेली; उरले १, १ आणि पॅरिटी ०. यांची पुन्हा तीच क्रिया केली की गेलेला ० परत मिळतो. गणितात काही उणं नाही. माणसं कमी पडतात.

नेहमी घडतं ते असं. चार डिस्कांच्या रेड-५मधली (हिच्यात एकच डिस्क गेली तर भागतं) दोन नंबरची डिस्क मार्चमध्ये बाहेर पडते. सर्व्हर ‘बीप’ करत राहतो; कुणीतरी कटकट नको म्हणून बझर बंद करतं. सगळं चालू असल्यामुळे विषय संपतो. ऑगस्टमध्ये चार नंबरची पडते आणि सर्व्हर बसतो. आता घाईत कुणीतरी कंट्रोलरच्या मेन्यूत जाऊन दोन नंबरला ‘फोर्स ऑनलाइन’ करतं, कारण ती हिरवी दिसते. ती हिरवी डिस्क मार्चमध्ये थांबलेली असते. पाच महिने जुने तुकडे आजच्या तुकड्यांत मिसळतात, त्यावर विंडोजचं तपासणी-दुरुस्तीचं ‘चेक डिस्क’ चालतं आणि ते उरलंसुरलं ‘दुरुस्त’ करून टाकतं.

करायचं ते उलट. सर्व्हर बंद करायचा. डिस्का काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने बे नंबर, म्हणजे ती कुठल्या खाचेत होती तो आकडा, लिहायचा. प्रत्येक डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, वेगळ्या, रिकाम्या डिस्कवर घ्यायची, दोन नंबरचीसुद्धा. कंट्रोलरचा लॉग वाचून कुठली कधी पडली हे ठरवायचं. मग दोन नंबरला बाहेर ठेवून १, ३ आणि ४ यांच्या इमेजवर, सॉफ्टवेअरमध्ये, फक्त वाचण्यापुरता संच जुळवायचा. मूळ डिस्कांवर एक बाइटसुद्धा लिहायचा नाही. यातलं निम्मं काम मार्करचं आणि वाचनाचं आहे.

रिबिल्डबद्दलही, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून ती भरून काढण्याबद्दलही, थोडं. साध्या सॅटा डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की दहाच्या चौदाव्या घाताइतके बिट वाचताना एखादा सेक्टर वाचता न येणं संभवतं. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कांपैकी एक गेली तर रिबिल्डसाठी उरलेल्या तिन्ही पूर्ण, म्हणजे १२ टीबी वाचाव्या लागतात. प्रत्यक्षात डिस्का कागदापेक्षा चांगल्या निघतात. पण एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या आणि एकाच वेळी म्हाताऱ्या झालेल्या डिस्कांवर सलग दिवसभर ताण द्यायचा, ही वेळ धोक्याचीच. म्हणून मोठ्या डिस्कांना रेड-६ (दोन डिस्का गेल्या तरी भागतं), महिन्याला एकदा स्क्रबिंग (सगळे सेक्टर वाचून तपासणं), आणि खरेदी करताना दोन वेगवेगळ्या लॉटमधला माल. शिंगल्ड पद्धतीच्या डिस्का रेडमध्ये घालूच नयेत. त्यांत ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे उसंत न मिळता लिहिण्याचा भार आला की त्या इतक्या मंदावतात की कंट्रोलर त्यांना मेलेलं समजून बाहेर काढतो.

एकट्या डिस्कची लक्षणं वाचणं हे या कामातलं रोजचं. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांत, पाच नंबर म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे न वाचलेच गेलेले. हे आकडे वाढायला लागले की डिस्क बदलायची, थांबायचं नाही. १९९, म्हणजे केबलवरून येता-जाता झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा. शंभरएक रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्का टाकून दिल्या जातात. डिस्क अजिबात फिरत नसेल आणि रात्री लाइट कमी-जास्त झाली असेल, तर सर्किट बोर्डावर पाच किंवा बारा व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी. तो मल्टिमीटरवर दोन मिनिटांत कळतो. बोर्डच बदलायचा तर आठ पायांची छोटी रॉम चिप जुन्यावरून काढून नव्यावर लावावी लागते, कारण त्या एका डिस्कच्या हेडांची कारखान्यात जुळवलेली मापं तीत असतात. नुसता त्याच मॉडेलचा बोर्ड चढवून अलीकडच्या पिढीची डिस्क चालत नाही. आणि टिक-टिक आवाज येत असेल तर करंट काढून घ्यायचा आणि परत लावायचा नाही. ७२०० फेऱ्यांवर तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते, हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर असतं. तुटलेलं हेड प्रत्येक चालू-बंदाला तबकडी खरवडत जातं. इमेज घेता येत असेल तर आधी सोपा भाग सगळा उचलायचा, नडणारे पट्टे सोडून पुढे जायचं, आणि शेवटी राहिलेल्या तुकड्यांवर परत यायचं. इमेज घेणाऱ्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामची मॅप फाईल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपून ठेवली तर मध्ये थांबूनही काम पुढे चालू करता येतं.

आता पुराचं. सांगलीत हे वेगळं काढून सांगावंच लागतं. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठेतली तळमजल्यावरची ऑफिसं दिवसेंदिवस पाण्याखाली होती, आणि पाणी उतरल्यावर लोकांनी जे केलं ते अगदी माणसासारखं होतं: सीपीयू पुसला, उन्हात वाळवला, आणि चालू होतो का ते बघितलं. बहुतेक डेटा पुराने गेला नाही, त्या एका बटणाने गेला.

साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब जुळवण्यासाठी एक बारीक भोक असतं, आतून फिल्टर लावलेलं. हवेसाठी ठेवलेल्या त्या वाटेने पाण्यात बुडाल्यावर पाणी आत जातं, आणि कृष्णेचा गाळ म्हणजे सगळ्यात मऊ, सगळ्यात बारीक माती. ओली असेपर्यंत ती धुता येते. वाळली की तबकडीवर थर घट्ट बसतो, हेड जिथे टेकलेलं असतं तिथे चिकटतं, बोर्डाखालचे संपर्क हिरवे पडतात. म्हणून उन्हात ठेवायचं नाही, तांदळात ठेवायचं नाही, ड्रायर मारायचा नाही, झाकण उघडायचं नाही. बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने अलगद धुवायचा, ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायची, वर नाव-नंबर लिहायचा आणि शक्य तितक्या लवकर क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या लॅबकडे पाठवायची. तिथे तबकड्या धुऊन, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधली हेडं लावून वाचतात. २०१३पासून हेलियम भरलेल्या डिस्का आल्या. त्यांना भोकच नाही, त्या वेल्ड केलेल्या असतात, त्यामुळे पाणी सहसा आत जात नाही. एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर लिहिणाऱ्या ड्राइव्हचं, उलटंच बरं: चिपा बंद असतात. वीज न लावता डिस्टिल्ड वॉटरने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवली तर पुष्कळदा ती जशीच्या तशी चालते.

पुराने डिस्का जाणं ही सांगलीचीच गोष्ट नाही. २०११ साली थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. इथल्या पतसंस्थेलाही त्याची झळ बसली.

म्हणून सांगलीत सर्व्हर बसवण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न प्रोसेसरचा नाही. ‘२०१९ला इथे पाणी कुठवर होतं?’ भिंतीवर खूण असतेच. त्या खुणेच्या वर एक मजला, यूपीएस आणि बॅटऱ्याही तिथेच. आणि बॅकअपची दुसरी प्रत कोल्हापूरला ठेवून समाधान मानायचं नाही. त्याच आठवड्यात पंचगंगाही चढलेली असते. आपल्याच जिल्ह्याची पूर्व बाजू याला उत्तम. जतला किंवा आटपाडीला एखादी शाखा असेल तर एनक्रिप्ट केलेली प्रत तिथे पाठवा. जिथे पिण्याचा टँकर येतो तिथे कृष्णेच्या पुराचं पाणी यायची भीती नाही. क्लाउडवर तिसरी प्रत ठेवा, जरूर ठेवा, फक्त आपल्या लाइनवर सगळा डेटा खाली उतरायला किती दिवस लागतील ते आधी मोजा. सेकंदाला ५० मेगाबिटच्या लाइनवर १ टीबीला जवळजवळ दोन दिवस जातात, आणि तेही लाइन तुटली नाही तर.

एसएसडीने या कॉम्प्युटरवाल्यांचं एक जुनं हत्यार काढून घेतलं: कान. आधी आवाजावरून बेअरिंग, हेड, मोटर ओळखता यायची. एसएसडी मरते ती एकदम, बिनआवाजाची. सकाळी मशीन लावलं की ड्राइव्हचं नाव काही भलतंच दिसतं, क्षमता शून्य किंवा काही एमबी. चिपांत डेटा असतो, पण तो कुठे विखुरला आहे याचा नकाशा आणि बहुधा एनक्रिप्शनची किल्लीही कंट्रोलरपाशी. कंट्रोलर गेला की चिपा उपटून वाचण्यात अर्थ उरत नाही. चुकून डिलीट केलेली फाईलही हार्ड डिस्कवर बरेचदा सापडायची. इथे ट्रिम चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम त्या जागा रिकाम्या झाल्याचं ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह त्या थोड्याच वेळात पुसून टाकतो. शिवाय या चिपांत डेटा म्हणजे साठवलेला विद्युतभार. क्यूएलसीमध्ये, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या चिपांत, एका सेलमध्ये १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. वापरून झिजलेला ड्राइव्ह वीज न देता उकाड्यात कपाटात ठेवला तर भार हळूहळू गळतो. लग्नाचे फोटो एसएसडीवर घालून तिजोरीत ठेवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

टाकाऊ डिस्कांबाबतही दक्ष असावं. बँकेची जुनी डिस्क फॉरमॅट करून भंगारात देणं म्हणजे खातेदारांची माहिती भंगारात देणं. हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. एसएसडीला मात्र ‘सिक्युअर इरेज’ची कमांडच द्यावी, कारण ड्राइव्हने राखून ठेवलेल्या जागांपर्यंत वरून लिहिलेलं पोचत नाही. चालू न होणारी डिस्क असेल तर ड्रिल.

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना आजही फोन येतात ते कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतून. लाखोंची सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी), आत पंचवीस वर्षांची आयडीई डिस्क, तिच्यात कंट्रोलचं सॉफ्टवेअर आणि मशीनची नेमकी मापं. बनवणाऱ्या कंपनीचा सपोर्ट कधीच संपलेला. डिस्क घरघरायला लागली की मालक विचारतो, ‘अजून किती दिवस काढेल वो?’ उत्तर असं की आजच मशीनचं काम थांबवा, डिस्क वाचते आहे तोवर क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊ. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड विजेच्या भाषेत आयडीईच असल्यामुळे साध्या ॲडाप्टरवर चालतं. पण कॅमेऱ्याचं कार्ड नको, ‘फिक्स्ड डिस्क’ म्हणून ओळख देणारं इंडस्ट्रियल कार्ड घ्यावं लागतं. क्षमता मूळ डिस्कएवढी किंवा थोडी जास्त. फार मोठं घेतलं तर जुना बायोस ते मोजूच शकत नाही. बायोसमधले सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे आधी कागदावर उतरवायचे, क्लोननंतर तेच घालायचे, पहिली डिस्क म्हणून ओळख देणारा जंपर मास्टरवर. कार्डं दोन करायची. दोन्हींवर मशीन सुरू करून, होमिंग करून (मशीनचे भाग शून्यस्थानी नेऊन), एक जुना जॉब काढून मायक्रोमीटरने मोजायचा. ते माप बसलं की मूळ डिस्क कायमची बाजूला ठेवायची, त्याआधी नाही.